अलास्काच्या जहाजावर जेवायला पैठणी की स्वेटर?

परभणीच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्यानं विचारलंय. मुलगी-जावई सिएटलला असतात. त्यांनी मेअखेरीस सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरवली आहे. बुकिंगच्या कागदात 'दोन फॉर्मल नाइट' असं वाचलं आणि घरात वाद सुरू झाला. काका म्हणतात, आता सूट शिवावाच लागेल. काकू म्हणतात, मी साडीच नेसणार, मग जहाज चुकलं तरी चालेल. त्यात शेजाऱ्यांनी सांगितलं की तिथं सगळा बर्फच असतो, जेवायलासुद्धा जाकीट घालूनच बसतात. तर जेवायला नक्की काय न्यायचं?

काका-काकू, आधी शेजाऱ्यांचा मुद्दा निकालात काढू. जहाजावरच्या जेवणाच्या हॉलमध्ये थंडी नसते. बाहेर हिमनग तरंगोत नाहीतर पाऊस कोसळो, आत २२-२३ अंश ठेवलेले असतात. त्यात शेकडो माणसं एका वेळी जेवायला बसलेली, गरम सूप समोर, आणि बैठक दीड-दोन तासांची. जाकीट घातलेला माणूस तिथं घामाघूम होतो. मी अठरा वर्षं संभाजीनगरहून ग्रुप घेऊन फिरते, आणि पहिल्याच अलास्काच्या ग्रुपमध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. लातूरचे एक काका होते. त्यांनी अंगाला चिकटून थर्मलचा जोड, त्यावर हाफ स्वेटर, त्यावर शर्ट आणि वर सूट असा कडेकोट बंदोबस्त केला होता. सूप संपेपर्यंत कपाळावरून धार लागली. पुढचं ताट यायच्या आत 'आलोच' म्हणून उठले, ते पंधरा मिनिटांनी परत आले काखेत एक गाठोडं घेऊन. टेबलाखाली ते पायानं सरकवलं आणि मला हळूच म्हणाले, "ताई, जानेवारीतून डायरेक्ट मेमध्ये आल्यावानी झालं बघा."

तेव्हा जेवणाचे कपडे ठरवताना थंडी बाजूला ठेवा. थंडीचे कपडे दिवसाचे असतात, बंदरावर उतरायचे, डेकवर उभं राहायचे. ती बॅग वेगळी, ही वेगळी.

पण अलास्कात एक गंमत आहे, आणि ती कुणी आधी सांगत नाही. मेअखेरीस तिकडे सूर्य मावळतो तोच नऊच्या पुढे. म्हणजे सहाला जेवायला बसा नाहीतर आठला, खिडकीबाहेर लख्ख उजेड असतो. तुम्ही नटूनथटून बसलेले, वेटर मेनूकार्ड हातात देतोय, तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून कुणीतरी ओरडतं, व्हेल! मग अख्खा हॉल उठतो. निम्मे खिडकीला चिकटतात आणि निम्मे दार ढकलून डेकवर जातात. तुम्हीही जाणारच. त्यासाठीच तर एवढे पैसे खर्चलेत. त्या दहा मिनिटांत रेशमी साडीतून वारा असा आरपार जातो की दातावर दात वाजतात. बाहेर ८-१० अंशच असतात, हे काही जीवघेणं नाही. पण हवा पडलेली असली तरी जहाज स्वतःच तासाला तीस-पस्तीस किलोमीटरनं चालत असतं, तेवढा वारा अंगावर येतोच. डिसेंबरात पहाटे लुनावरून दूध आणायला गेला असाल तर काय म्हणते ते कळेल.

म्हणून माझ्या लेखी अलास्काच्या डिनरला सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर ती शाल. साडी कुठली, सूट कुठला, हे त्याच्या मागून येतं. खुर्चीच्या पाठीवर टाकता आली पाहिजे, पटकन लपेटता आली पाहिजे, आणि फोटोत वाईट दिसता कामा नये.

तुम्ही दोघं निवृत्त शिक्षक, म्हणजे घरात सत्काराच्या शालींचा ढीग असणार. निरोप समारंभाच्या, गणेश मंडळाच्या, माजी विद्यार्थ्यांच्या. त्यातल्या बहुतेक पातळ असतात, वाऱ्याला काही अडवत नाहीत, पण एखादी जाड निघतेच. ती डेकसाठी घ्या. ओली झाली, विसरली, उडून पाण्यात गेली तरी हळहळ नको. डिनरसाठी काकू, जमलं तर हिमरू शाल बघा. आमच्या संभाजीनगरची चीज म्हणून सांगत नाही. कापूस आणि रेशीम एकत्र विणलेलं असल्यामुळं ती दिसायला भारी आणि अंगावर हलकी असते. हॉलमध्ये खांद्यावर राहिली तरी उकडत नाही. नुसती लोकरीची काश्मिरी असेल तर तीही उत्तम, फक्त ती खुर्चीवर राहील आणि जेवून उठताना विसरेल. मी अशा तीन शाली परत शोधून आणल्यात.

परभणीकरांना थंडीचं मी काय सांगणार म्हणा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही तुमचीच म्हण, आणि डिसेंबरात तुमच्याकडचा पारा पाच-सहावर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात परभणीचं नाव असतं. फरक इतकाच की आपली थंडी कोरडी, पहाटेची. ऊन वर आलं की संपली. तिकडची ओली असते आणि दिवसभर एकसारखी. केचिकन नावाचं बंदर लागेल, तिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या मराठवाड्याची सरासरी सातशे-आठशेच्या आसपास धरली, तर आपला चार वर्षांचा पाऊस तिथं एका वर्षात पडतो. त्यामुळं दिवसा पावसाचं जाकीट नि त्याच्या आत गरम कपडा हवाच. पण मार्च-एप्रिलात परभणीत स्वेटर शोधायला निघू नका. तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार थंडी संपली की उठतो, आणि दुकानदार तुमच्याकडं वेड्यासारखं बघेल. मुलीला सांगा, सिएटलला वर्षभर मिळतं ते सगळं. जाकीट तिकडंच घ्या. इथून फक्त जेवणाचे कपडे न्या, कारण ते तिकडं मिळणार नाहीत.

आता फॉर्मल नाइट म्हणजे काय ते सांगते. सात रात्रींच्या सफरीत बहुतेक कंपन्या दोन रात्री अशा ठेवतात. जहाज ज्या दिवशी बंदराला लागत नाही, दिवसभर पाण्यातच असतं, त्या दिवशी शक्यतो एक. लोकांना तयार व्हायला वेळ मिळावा हा हेतू. त्या रात्री कॅप्टन येऊन दोन शब्द बोलतो, जिन्यापाशी फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात, आणि मेनूत लॉबस्टर वगैरे भारी पदार्थ येतात. तुम्ही शाकाहारी असाल तर शेजारच्या ताटाकडं फार निरखून बघू नका, एवढाच सल्ला. बाकीच्या पाच रात्री स्मार्ट कॅज्युअल. त्याचा साधा अर्थ, पाहुण्यांकडं जेवायला जाताना घालतो तसे स्वच्छ, नीट कपडे.

किती कडक, हे कंपनीवर आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या जहाजांवर फॉर्मलची सक्तीच नसते, ज्याला नटायचं त्यानं नटावं. क्युनार्डवाले उलट्या टोकाला. तिथं गाला इव्हनिंग म्हणतात, आणि पुरुषांनी टक्सिडो (बो टायवरचा काळा सूट) किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते. बाकीच्या मधल्या. काहींनी तर आता फॉर्मल हा शब्दही सोडलाय, 'ड्रेसी' म्हणतात. मुलीला एकदा बुकिंगवर कंपनीचं नाव आणि त्यांची पोशाखाची पानं बघायला सांगा. आणि कितीही कडक जहाज असलं तरी वरच्या मजल्यावर बुफे चालू असतो, त्याला काही जहाजांवर लिडो म्हणतात. तिथं फॉर्मल रात्रीसुद्धा साध्या कपड्यात जेवता येतं. एखाद्या दिवशी कंटाळा आला, गुडघा दुखतोय, पाऊस अंगावर घेऊन आलात, तर सरळ वर जा. कुणी विचारत नाही. उपाशी कुणालाच ठेवत नाहीत.

काकू, साडी चालते का, तर चालते म्हणण्यापेक्षा साडीच जिंकते. आपापल्या देशाचा पारंपरिक पोशाख हा फॉर्मलच धरला जातो. मी इतक्या वर्षांत साडी नेसलेल्या बाईला दारातून परत पाठवलेलं पाहिलेलं नाही. उलट दहा जणी थांबवून विचारतात, हे शिवलेलं आहे का, एकच कापड आहे का, गुंडाळायला किती वेळ लागतो. जालन्याच्या एका मावशींनी तर लिफ्टसमोर एका अमेरिकन आजीला निऱ्या कशा घालतात ते तिच्याच शालीवर करून दाखवलं. लिफ्ट तीनदा येऊन गेली.

प्रश्न कुठली साडी नेसायची हा आहे. इथं माझं मत जरा कडक आहे. आईची, सासूबाईंची अस्सल पैठणी नेऊ नका. साडीची जर ओलाव्यानं काळी पडते, अत्तर लागलं तर आणखी लवकर, आणि जहाजावर खारी हवा, पाऊस, सूप, सॉस, डुलणारं टेबल, सगळे शत्रू एकत्र आलेले असतात. डाग पडला तर तिथल्या लाँड्रीला पैठणी कळत नाही. तुम्हाला पैठणीच हवी असेल तर सेमी-पैठणी न्या. काठाला मोर, पदरावर मुनिया, लांबून कुणाला फरक कळत नाही आणि तुमचा जीव टांगणीला लागत नाही. दुसरी एखादी सॉफ्ट सिल्क किंवा क्रेप. दोन रात्रींना दोन साड्या, बास. स्मार्ट कॅज्युअल रात्रींना पंजाबी ड्रेस नाहीतर साधी सिंथेटिक साडी. कडक कांजी केलेल्या सुती साड्या मात्र घरीच राहू द्या.

कांजीचं सांगितलं कारण इस्त्री. केबिनमध्ये इस्त्री चालत नाही. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून बोर्डिंगलाच बॅगा स्कॅन करतात आणि इस्त्री, स्टीमर, इलेक्ट्रिक किटली, छोटा कुकर काढून घेतात. उतरताना परत देतात, पण सात दिवस ते जप्तच. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंची प्रवासी इस्त्री अशीच गेली आणि त्यांच्या चार कांजीच्या साड्या चुरगळलेल्या अवस्थेतच अलास्का बघून आल्या. काही जहाजांवर कपडे धुवायची खोली असते, तिथं इस्त्री ठेवलेली असते, पण फॉर्मल संध्याकाळी तिच्यासमोर रेशनच्या दुकानासारखी रांग. त्यापेक्षा रेशमी साडी मलमलच्या कापडात सैल गुंडाळून न्या, घडीवर घडी दाबू नका, आणि पोचल्या दिवशीच हँगरला लावा. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडून दार लावलं की क्रेपच्या, सिंथेटिकच्या सुरकुत्या बऱ्याच निघून जातात. जरीच्या साडीला मात्र ही वाफ देऊ नका. आणखी एक, केबिनच्या भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे हुक मिळतात, चार घेऊन जा. कपाट इवलंसं असतं, त्या हुकांवर शाल, ब्लाउज, ओलं जाकीट सगळं लटकतं.

एक नाजूक गोष्ट सांगते, राग मानू नका. आपण रेशमी कपडे डांबरगोळ्या घालून ठेवतो. घरात त्याचा वास आपल्याला जाणवतही नाही. बंद हॉलमध्ये, एसीत, आठ माणसांच्या टेबलावर तो वास सूपाच्या आधी पोचतो. काकांच्या लग्नातल्या कोटाचंही तेच. निघायच्या आठवडाभर आधी सगळं बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर टाका. मे महिन्यात परभणीत वारा गरम असला तरी वास मात्र झटकन जातो. बॅगेत ठेवताना गोळ्यांऐवजी कडुनिंबाची वाळलेली पानं पुरेत, पण तीसुद्धा पोचायच्या आत काढून टाका. परदेशाच्या कस्टममध्ये पानं-बिया दिसल्या की उगं चौकशी होते.

साडीत थंडी अडवायची असेल तर ब्लाउजवर खर्च करा. बाही मनगटापर्यंत, पाठ बंद, आतून मऊ अस्तर. काळा नाहीतर मरून मखमली ब्लाउज एकच शिवा, तो दोन्ही साड्यांवर जातो. आजकालच्या मुली ब्लाउजऐवजी उंच गळ्याचा काळा विणलेला टॉप घालतात. तो मला स्वतःला फार आवडतो, पण तुम्हाला चालणार नाही असं वाटतं. मुलीला मात्र सुचवा. ब्लाउज आत्ताच टाका शिवायला. एप्रिल-मे म्हणजे लगीनसराई, तेव्हा शिवणारी बाई तुमचा फोनही उचलणार नाही. परकराच्या आत गरम लेगिंग घालायचा मोह होईल. डेकवर अर्धा-एक तास उभं राहायचं असेल तर घाला. जेवायला नको, लातूरच्या काकांसारखी गत होईल.

नेसताना दोन गोष्टी बदला. एक, साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसा. डेकच्या दारांना उंबरे असतात, जेवणाच्या वेळी लिफ्ट भरून येतात म्हणून जिन्यानं जावं लागतं, आणि पायात निरी अडकली तर धरायला शेजारी अनोळखी माणूसच असतो. दोन, पदर खांद्यावर नीट पिन करा आणि निऱ्यांनाही एक मोठी पिन लावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. एक हात कायम कठड्याला हवा. इनसाइड पॅसेज म्हणतात तो भाग बेटांच्या आडोशाचा, तिथं जहाज हलत नाही म्हटलं तरी चालेल. पण हबर्ड ग्लेशियर या हिमनदीकडं जाणारी सफर असेल तर अलास्काच्या आखातात उघडा समुद्र लागतो, तिथं झुलतं. डेकचं दार उघडताना पदर आधी कमरेला खोचा. वाऱ्यानं सुटलेला पदर मागच्या माणसाच्या तोंडावर जातो. माझा गेलेला आहे.

दागिन्यांचं थोडक्यात. केबिनमध्ये तिजोरी असते, तरी सोनं नेऊ नका. मंगळसूत्र, एक मोत्याचा तन्मणी, कानात मोत्याच्या कुड्या. हॉलमध्ये पिवळा मंद उजेड असतो, त्यात मोती सोन्यापेक्षा उठून दिसतात. नथ घाला, फोटोग्राफर खूश होईल, पण सूप पिताना काढून पर्समध्ये ठेवा.

काका, तुम्ही सूट शिवू नका. मुलाच्या नाहीतर मुलीच्या लग्नात शिवलेला असेल तर आधी तो घालून बघा, पँटचं बटण लागतंय का ते. लागत नसेल तर नुसता कोट वापरा, खाली गडद पँट नवी घ्या. कोट नसेल तर बंदगळा. मला विचाराल तर मराठी माणसाला या जहाजावर बंदगळ्याइतकं दुसरं काही शोभत नाही. टायची भानगड नाही, गळा बंद असल्यामुळं डेकवर वारा आत शिरत नाही, आणि कडक कंपन्यांतही पारंपरिक पोशाख म्हणून चालून जातो. पांढरा किंवा बदामी कुर्ता, वर नेहरू जाकीट, खाली चुडीदार किंवा साधी पँट, हेही चांगलं. कुर्ता जाड कापडाचा घ्या, लिननचा घ्याल तर पुन्हा इस्त्रीची रडकथा.

सफारी. हो, मला माहितीय तुमच्याकडं दोन तरी सफारी असणार. स्मार्ट कॅज्युअल रात्रींना खुशाल घाला, पायात बंद बूट असले की झालं. फॉर्मल रात्री नको. त्याला कुणी मनाई करेल असं नाही, पण सगळा हॉल काळ्या कोटात असताना आपण अर्ध्या बाहीत बसलो की आपल्यालाच चुकल्यासारखं होतं, आणि मग माणूस जेवणाकडं लक्ष देत नाही. बीडचे एक आजोबा मात्र धोतर, कोट आणि गुलाबी फेटा घालून कॅप्टनच्या स्वागताला आले होते. त्यांना कशाचाच संकोच नव्हता. कॅप्टननं स्वतः येऊन हात मिळवला आणि त्या रात्री त्यांच्यासोबत फोटो काढायला लोक थांबले. तेव्हा अंगात तेवढा आत्मविश्वास असेल तर माझे नियम विसरा. जेवणाच्या हॉलमध्ये टोप्या घालू नका असं लिहिलेलं असतं, ते क्रिकेटच्या टोप्यांसाठी. गांधी टोपी नाहीतर फेटा काढा असं आमच्या कुणाला आजवर सांगितलेलं नाही. माकडटोपी मात्र दाराबाहेरच खिशात घाला.

सगळ्या रात्रींना काय चालत नाही ते एकदा सांगून टाकते. हाफ पँट, बनियनसारखे बिनबाह्यांचे शर्ट, पोहण्याचे कपडे, आणि रबरी स्लिपर. फाटकी जीन्सही नको, बिनफाटकी गडद जीन्स फॉर्मल सोडून इतर रात्री बहुतेक ठिकाणी चालते. हे जावयांसाठी.

चपला-बुटांचे दोनच जोड न्या. दिवसाचा एक, पाणी आत न जाणारा, तळ खडबडीत. दुसरा जेवणाचा. काकूंसाठी उंच टाचा नकोत, रुंद, बुटकी टाच किंवा सपाट सँडल. ओल्या डेकवर गुळगुळीत चामड्याचा तळ साबणासारखा सरकतो, त्यामुळं जेवणाच्या बुटांवर व्हेल बघायला पळताना खरंच पळू नका. अंगठा वेगळा असलेले त्वचेच्या रंगाचे मोजे साडीखाली घाला, कुणाला दिसत नाहीत आणि पायाला बरं वाटतं. काकांना कोल्हापुरी घालायची असेल तर कुर्त्यावर घालू द्या, पण आवाज न करणारी.

तुम्ही विचारलेलं नाही, पण कपड्यांच्या आधी हे बघा. सिएटलहून सुटणारी जहाजं वाटेत कॅनडातल्या एखाद्या बंदरावर थांबतात, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला. त्यामागं १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आहे. दुसऱ्या देशाच्या नोंदणीचं जहाज अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन पुन्हा तिथंच आणणार असेल, तर त्याला मध्ये परदेशी बंदर लागावं लागतं. ही मोठी जहाजं जवळजवळ सगळी परदेशी नोंदणीची. म्हणजे तुम्हाला कॅनडाचाही व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा पुन्हा प्रवेशाचा हवा. व्हिक्टोरियाला जहाज बऱ्याचदा संध्याकाळी लागतं. त्या दिवशी जेवण लवकर उरकून लोक उतरतात, तेव्हा त्या रात्री साडी-कोट काही नको, बाहेरचेच कपडे घालून जेवा.

कधी पुढं नॉर्वेला किंवा दक्षिण ध्रुवाकडं जायचं ठरलं तर हे सगळं विसरून जा. नॉर्वेच्या किनाऱ्यानं जाणाऱ्या हुर्टिग्रुटनच्या बोटी १८९३ पासून चालतात, तिथं लोक स्वेटर घालूनच जेवतात. अंटार्क्टिकाच्या छोट्या बोटींवरही तसंच. पैठणी काढली तर तुम्हीच एकट्या पडाल.

आता सामानाचं. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा खालीच ताब्यात घेतात आणि नंतर केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. 'नंतर' म्हणजे कधी तासाभरात, कधी पहिलं जेवण झाल्यावर. म्हणून पहिल्या रात्रीचा एक नीट जोड, शाल, आणि रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. पहिल्या रात्री कुणी नटत नाही, पण दिवसभर प्रवासात घातलेल्या कपड्यांत बसायलाही नको वाटतं.

शेवटच्या रात्री याच्या उलट. बॅगा भरून दहा-अकराच्या सुमारास दाराबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीतून त्या उचलून नेतात, आणि सकाळी बंदरावरच भेटतात. मी नवीन असताना ग्रुपच्या वीस बॅगा मोजून, चिठ्ठ्या लावून बाहेर ठेवल्या, स्वतःचीही ठेवली आणि समाधानानं झोपले. सकाळी उठून बघते तर अंगावर गाऊन आणि हुकावर पावसाचं जाकीट, एवढीच माझी मालमत्ता. तशीच, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, नाश्त्याला गेले आणि तशीच खाली उतरले. लातूरचे काका समोरच उभे होते. म्हणाले, "ताई, आता तुम्हाला थंडी वाजायली का?"

तेव्हा त्या रात्री बॅगेची चेन लावायच्या आधी दोघांचा एकेक जोड, चपला-बुटांसकट, पलंगावर काढून ठेवा. काकांचा पट्टाही.